डीएनएला इजा झाली की उजळणारा जिवाणू: बांधणीपासून मोजणीपर्यंत

डीएनएला इजा झाली की प्रकाश देणारा जिवाणू, म्हणजे हा संवेदक, बांधणारे बहुतेक जण जनुकांची जोडणी अचूक करतात आणि तरीही शेवटी अंधाऱ्या प्लेटसमोर बसतात. काहींची प्लेट उलट वागते: डीएनएला कसलीही इजा न करता ती आधीपासूनच उजळलेली असते आणि औषध घातल्यावर जेमतेम फरक पडतो. दोन्ही वेळा दोष सहसा प्लास्मिडमध्ये, म्हणजे जिवाणूत घातलेल्या डीएनएच्या छोट्या गोल रेणूत, नसतो. चुकीचा स्ट्रेन (जिवाणूचा वाण), राहून गेलेले कंट्रोल (तुलनेचे नमुने) आणि वाढीकडे न पाहता वाचलेला प्रकाश, या तीन गोष्टींत बहुतेक अपयश दडलेले असते. म्हणून खालील क्रमात बांधणीपेक्षा तयारीला आणि वाचनाला जास्त जागा दिली आहे.

हे काम जनुकीय बदल केलेल्या जिवाणूंचे असल्यामुळे ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत, संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी हातात आल्यावरच सुरू करावे. वापरायचा जिवाणू ई. कोलायचा निरुपद्रवी के-१२ वंश असला तरी चाचणीत लागणारी काही रसायने माणसाच्या डीएनएलाही तशीच इजा करतात.

१. आधी साखळी समजून घ्यावी

ई. कोलायमध्ये डीएनएला इजा झाली, किंवा त्याची प्रतिकृती बनवणारी यंत्रणा मध्येच अडली, की एकेरी धाग्याचे तुकडे उघडे पडतात. त्यांच्यावर रेकए हे प्रथिन साखळीने चढते. एरवी लेक्सए नावाचे दुसरे प्रथिन सुमारे चाळीस जनुकांच्या प्रमोटरवर, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या भागावर, बसून त्यांना दाबून ठेवत असते. रेकएच्या त्या साखळीशी गाठ पडताच लेक्सए स्वतःलाच मधून तोडते, प्रमोटर मोकळे होतात आणि दुरुस्तीची जनुके चालू होतात. याला एसओएस प्रतिसाद म्हणतात. आपण फक्त एवढेच करायचे आहे की अशाच एका प्रमोटरपुढे दुरुस्तीच्या जनुकाऐवजी प्रकाश देणारे जनुक, म्हणजे रिपोर्टर, बसवायचे.

यातून एक गोष्ट निघते आणि ती पुढच्या प्रत्येक टप्प्यात लागणार आहे. प्रकाश दिसण्यासाठी इजा, रेकए, लेक्सए, प्रमोटर आणि रिपोर्टर ही पाचही कडी शाबूत हवीत, आणि पेशी प्रथिने बनवण्याइतकी जिवंतही हवी. प्रकाश न दिसणे म्हणजे इजा न झाल्याचा पुरावा नव्हे. पाचांपैकी कोणतेही कडे तुटलेले असू शकते.

२. स्ट्रेन ठरवणे: सर्वांत जास्त चुका इथेच होतात

प्लास्मिड जोडण्यासाठी प्रयोगशाळांत सर्रास वापरले जाणारे डीएच ५ अल्फा, टॉप १०, जेएम १०९ आणि एक्सएल १ ब्लू हे सर्व स्ट्रेन रेकए निकामी केलेले आहेत. प्लास्मिडची फेरजुळणी होऊन ते बिघडू नये म्हणून तो बदल मुद्दाम केलेला असतो आणि जोडणीसाठी तो उपयुक्तच आहे. पण साखळीतले दुसरे कडेच नसल्यामुळे या पेशींत एसओएस प्रतिसाद सुरू होत नाही. त्यांना डीएनएला इजा करणारे मायटोमायसिन कितीही दिले तरी त्या उजळणार नाहीत, फक्त मरतील. जोडणी डीएच ५ अल्फामध्ये आणि मोजणी दुसऱ्या स्ट्रेनमध्ये, ही विभागणी पहिल्या दिवशीच वहीत लिहून ठेवावी.

मोजणीसाठी एमजी १६५५ हा के-१२ स्ट्रेन घ्यावा. त्यात रेकए आणि लेक्सए शाबूत आहेत आणि लॅम्डा विषाणूचा प्रोफाज, म्हणजे गुणसूत्रात लपून बसलेले रूप, नाही. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण लॅम्डा बाळगणाऱ्या स्ट्रेनमध्ये हाच एसओएस प्रतिसाद झोपलेल्या विषाणूला जागे करतो आणि ऐन मोजणीच्या वेळी पेशी फुटू लागतात. प्रथिने बनवण्यासाठी लोकप्रिय असलेला बीएल २१ घेण्याचा मोह टाळावा. त्यात रेकए असले तरी लॉन हा प्रथिने तोडणारा विकर नाही. एसओएसमध्ये तयार होणारे आणि पेशीविभाजन थांबवणारे सुलए हे प्रथिन लॉनच साफ करतो. तो नसला की इजा दुरुस्त झाल्यानंतरही पेशी विभागत नाहीत आणि लांबच लांब दोऱ्यांसारख्या होऊन मरतात. बीएल २१ डीई ३ या त्याच्या रूपात तर लॅम्डाचाच एक प्रोफाज बसवलेला असतो.

याच टप्प्यावर नकारात्मक कंट्रोलचा स्ट्रेनही मागवावा. एमजी १६५५ चा रेकए काढून टाकलेला भाऊबंद, किंवा ज्यातले लेक्सए तुटूच शकत नाही असा लेक्सए ३ स्ट्रेन, यांपैकी एक पुरे. लेक्सए पूर्ण काढून टाकलेला स्ट्रेन शोधत बसू नये. सुलए शाबूत असताना तसा स्ट्रेन जगत नाही, आणि जगवलेला स्ट्रेन सतत उजळलेलाच राहील.

सावधान: केइओ या, एकेक जनुक काढलेल्या ई. कोलाय स्ट्रेनच्या, संग्रहातून रेकए काढलेला स्ट्रेन घेतल्यास त्याच्या गुणसूत्रात कॅनामायसिनला दाद न देणारे जनुक बसवलेले असते. आपले प्लास्मिडही कॅनामायसिनवरच निवडायचे असेल, तर प्लास्मिड न शिरलेल्या पेशीसुद्धा प्लेटवर खुशाल वाढतील. आधी ते जनुक काढून घ्यावे किंवा प्लास्मिडची निवड क्लोरॅम्फेनिकॉलवर करावी.

३. प्रमोटर आणि रिपोर्टर यांची निवड

रेकएच्या स्वतःच्या प्रमोटरचा प्रकाश भरपूर असतो, पण शांत अवस्थेतही तो बऱ्यापैकी चालू असतो. त्यामुळे इजेनंतरची पटीतली वाढ कमी दिसते. सुलएचा प्रमोटर शांत असताना घट्ट बंद आणि इजेनंतर जोरात चालू होतो. पहिल्या बांधणीसाठी तोच घ्यावा. कोलिसिन डी या विषारी प्रथिनाच्या सीडीए जनुकाचा प्रमोटरही संवेदनशील म्हणून वापरला जातो, परंतु ते जनुक एका नैसर्गिक प्लास्मिडवर असते. एमजी १६५५ च्या गुणसूत्रावरून पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती वाढवण्याची पद्धत) करून तो मिळणार नाही, कृत्रिमरीत्या बनवून घ्यावा लागेल.

रिपोर्टरचे दोन मार्ग आहेत आणि दोन्हींचे दोष वेगवेगळे आहेत. हिरवे प्रतिदीप्त प्रथिन, म्हणजे जीएफपी, याचे जनुक सुमारे ७२० बेस-जोड्यांचे, हाताळायला सोपे आणि बाहेरून कोणतेही द्रव्य न मागणारे आहे. मात्र प्रथिन तयार झाल्यावर त्याला चमकू लागण्यासाठी ऑक्सिजन आणि थोडा वेळ लागतो, आणि एकदा तयार झाले की ते तासन्तास टिकते. प्रमोटर बंद झाला तरी प्रकाश जात नाही. दुसरा मार्ग लक्स ओपेरॉनचा, म्हणजे एकत्र चालू होणाऱ्या जनुकांच्या गटाचा. त्यातली पाच जनुके मिळून विकर आणि त्याचे इंधन दोन्ही बनवतात, त्यामुळे प्रकाश पाडणाऱ्या दिव्याचीही गरज नसते. प्रतिसाद लवकर, अर्ध्या तासाच्या आसपास, दिसू लागतो आणि पार्श्वभूमी जवळजवळ काळी असते. पण या प्रकाशाला पेशीची ऊर्जा लागते. चाचणीतल्या द्रव्याने पेशीचा चयापचय मंदावला की डीएनए जखमी असूनही प्रकाश विझतो.

लक्स निवडल्यास तो फोटोरॅब्डस ल्युमिनेसेन्सचा असावा, कारण त्याचा विकर ३७ अंशांवर व्यवस्थित काम करतो. सागरी व्हिब्रिओ फिशेरीचा विकर ३० अंशांच्या वर टिकत नाही आणि ३७ अंशांवर ठेवलेली प्लेट निष्कारण अंधारी राहते.

ज्यांच्याकडे प्लेट वाचणारे यंत्र प्रतिदीप्तीचे आहे आणि ज्यांची ही पहिलीच वेळ आहे, त्यांनी जीएफपीचे लवकर पक्व होणारे रूप घ्यावे असे मला वाटते. पुढील टप्पे मुख्यतः तेच गृहीत धरून लिहिले आहेत; लक्ससाठी जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

४. प्लास्मिडची आखणी

सुलएच्या सुरुवातीच्या कोडॉनच्या अलीकडचा साधारण १५० ते २०० बेस-जोड्यांचा तुकडा घ्यावा. त्यात लेक्सए बसण्याची जागा अखंड आहे की नाही, हे प्रायमर (पीसीआरमध्ये तुकड्याची टोके ठरवणारे डीएनएचे छोटे धागे) मागवण्यापूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. ही जागा सीटीजीटी या चार अक्षरांनी सुरू होते, मध्ये कोणतीही आठ अक्षरे येतात आणि शेवट एसीएजी असा होतो. प्रायमर या जागेच्या आत पडला तर लेक्सएला बसायला जागा उरत नाही आणि प्रमोटर कायमचा चालू राहतो. दुसऱ्या टोकाला सुलएचे पूर्ण जनुक तुकड्यात येऊ देऊ नये. प्लास्मिडच्या अनेक प्रतींतून विभाजन थांबवणारे प्रथिन बनू लागले तर संवेदक स्वतःच्याच पेशींना आजारी पाडतो.

प्लास्मिड कमी प्रतींचे घ्यावे. एससी १०१ मूळ असलेल्या प्लास्मिडच्या पेशीत सुमारे पाच प्रती असतात, पी १५ ए मूळ असलेल्याच्या दहा-पंधरा. शेकडो प्रती देणारे पीयूसी वंशाचे प्लास्मिड घेतले, तर लेक्सएचे रेणू तितक्या सगळ्या जागांवर वाटले जातात, त्यांचा दाब अपुरा पडतो आणि इजा नसतानाच प्रकाश गळू लागतो. जास्त प्रती म्हणजे जास्त प्रकाश हे खरे आहे, पण आपल्याला प्रकाश नको आहे, फरक हवा आहे.

प्रमोटरच्या अलीकडे एक टर्मिनेटर ठेवावा, म्हणजे प्लास्मिडवरच्या शेजारच्या जनुकाचे वाचन घसरत रिपोर्टरपर्यंत येणार नाही. निवडीसाठी अँपिसिलिनऐवजी कॅनामायसिन घ्यावे. पेशीभित्तीवर काम करणारी पेनिसिलिन गटातील काही प्रतिजैविके डीएनएला हात न लावताही एसओएस प्रतिसाद चालू करू शकतात. संवेदकाच्या माध्यमात अशी शंका मुळात का ठेवावी?

तपासणी: संगणकावर पूर्ण प्लास्मिडचा नकाशा तयार असावा, त्यात टर्मिनेटर, प्रमोटर, रायबोसोम बसण्याची जागा आणि रिपोर्टर याच क्रमाने आणि एकाच दिशेने असावेत. त्याच नकाशावरून प्रमोटर वगळलेले दुसरे प्लास्मिड आणि सतत चालू असणारा प्रमोटर बसवलेले तिसरे प्लास्मिडही आताच आखून ठेवावे. हे दोन कंट्रोल नंतर बनवू असे म्हटले की ते बनत नाहीत.

५. जोडणी आणि पडताळणी

हा भाग कोणत्याही साध्या क्लोनिंगसारखाच असल्याने थोडक्यात पुरे. एमजी १६५५ च्या डीएनएवरून कमी चुका करणाऱ्या पॉलिमरेजने प्रमोटर वाढवावा, जेलवर एकच पट्टी असल्याची खात्री करावी आणि रिस्ट्रिक्शन विकरांनी किंवा ५० अंशांवरच्या गिब्सन जोडणीने तो प्लास्मिडमध्ये बसवावा. जोडलेले मिश्रण डीएच ५ अल्फामध्ये घालावे: बर्फावर अर्धा तास, ४२ अंशांवर ३० ते ४५ सेकंद, पुन्हा बर्फ, आणि मग प्रतिजैविक नसलेल्या माध्यमात ३७ अंशांवर एक तास. हा एक तास घाईत कापू नये, कारण कॅनामायसिनला तोंड देणारे प्रथिन बनायला पेशीला तेवढा वेळ लागतो.

चार-पाच वसाहतींची कॉलनी पीसीआर करून, त्यांतल्या दोघींचे प्लास्मिड काढून प्रमोटरपासून रिपोर्टरच्या सुरुवातीपर्यंतचा क्रम सँगर पद्धतीने वाचून घ्यावा. क्रम वाचण्यासाठीचे प्लास्मिड डीएच ५ अल्फामधूनच काढावे. एमजी १६५५ मध्ये डीएनए तोडणारा एक विकर शाबूत असल्याने तिथून काढलेले प्लास्मिड अनेकदा गढूळ निघते.

सावधान: डीएच ५ अल्फाची प्लेट निळ्या प्रकाशात धरून कोणती वसाहत हिरवी चमकते ते पाहू नये. चमकली तर प्रमोटर गळका आहे, न चमकली तर काहीच कळत नाही.

६. मोजणीच्या स्ट्रेनमध्ये नेणे आणि साठा करणे

पडताळलेले प्लास्मिड एमजी १६५५ मध्ये घालावे, आणि त्याच दिवशी, त्याच पद्धतीने, प्रमोटर नसलेले व सतत चालू असलेले प्लास्मिडही घालावे. मुख्य प्लास्मिड रेकए नसलेल्या किंवा लेक्सए ३ स्ट्रेनमध्येही घालावे. म्हणजे हातात चार स्ट्रेन होतील. प्रत्येकाची एक सुटी वसाहत वाढवून, साधारण २० टक्के ग्लिसरॉलमध्ये, उणे ८० अंशांवर अनेक छोट्या कुप्यांत साठा करावा.

रेकए शाबूत असलेल्या पेशींत प्लास्मिडच्या प्रती एकमेकींना जुळून दुप्पट-तिप्पट लांबीचे रेणू बनू शकतात. तेच कल्चर दररोज नव्या माध्यमात ढकलत राहिले तर काही दिवसांनी पार्श्वभूमीचा प्रकाश सरकलेला दिसतो आणि कारण सापडत नाही. म्हणून प्रत्येक चाचणी साठ्यातून ताज्या प्लेटवर उतरवलेल्या वसाहतीपासून सुरू करावी.

तपासणी: पुढे जाण्यापूर्वी मुख्य स्ट्रेनची छोटी चाचणी घ्यावी. एक नळी तशीच, दुसरीत प्रति मिलिलिटर ०.५ मायक्रोग्रॅम मायटोमायसिन सी, दोन तास ३७ अंशांवर हलवत ठेवून मोजणी. इथे स्पष्ट फरक नसेल तर प्लेटवर वेळ घालवू नये. टप्पा २ आणि ५ पुन्हा तपासावेत.

७. ज्ञात द्रव्ये

सकारात्मक कंट्रोलसाठी मायटोमायसिन सी उत्तम आहे, पण ते कर्करोगकारक असून प्रकाशाने खराब होते. हातमोजे घालून, फॉइलमध्ये गुंडाळलेल्या कुपीतून, लहान प्रमाणात वापरावे. शिकाऊ हातांसाठी नॅलिडिक्सिक अॅसिड अधिक बरे. प्रति मिलिलिटर १ ते २० मायक्रोग्रॅम या पट्ट्यात त्याचा प्रतिसाद पाहावा. ते साध्या पाण्यात विरघळत नाही, सौम्य सोडियम हायड्रॉक्साइड लागते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन घेतल्यास पट्टा फार खाली, प्रति मिलिलिटर २ ते ५० नॅनोग्रॅम, असतो आणि त्याला सौम्य आम्ल लागते. औषध नसलेल्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) तोच द्रावक, त्याच प्रमाणात घालावा. नुसते पाणी घातलेली तुलना बाद समजावी.

डीएनएला न दुखावता वाढ थांबवणारे एखादे प्रतिजैविकही प्लेटवर हवे. क्लोरॅम्फेनिकॉल प्रथिने बनणेच थांबवत असल्यामुळे तिथे नवा प्रकाश येता कामा नये. त्या वेलमध्येही प्रति पेशी प्रकाश वाढलेला दिसला तर दोष गणितात आहे. तो कसा, ते टप्पा १० मध्ये येईल.

८. चाचणीचा दिवस

(अ) माध्यम. रात्रभर वाढवायला नेहमीचे एलबी चालते, पण मोजणी ग्लुकोज आणि थोडी कॅसामिनो आम्ले घातलेल्या एम ९ माध्यमात करावी. एलबीचा पिवळसर रंग स्वतःच हिरवट प्रतिदीप्ती देतो आणि सुलएसारख्या मंद प्रमोटरची शांत पातळी त्यात बुडून जाते.

(आ) पेशींची अवस्था. रात्रीचे कल्चर ताज्या एम ९ मध्ये किमान शंभरपट पातळ करून पुन्हा वाढवावे आणि ६०० नॅनोमीटरला घनता ०.१ ते ०.२ आली की लगेच वापरावे. नवशिके रात्रीचे दाट कल्चर थेट प्लेटमध्ये घालतात. त्या पेशींची वाढ थांबलेली असते, प्रतिकृती होत नसते, आणि जी द्रव्ये प्रतिकृती अडवूनच इजा करतात त्यांना तिथे करण्यासारखे फारसे काही नसते.

(इ) प्लेट. जीएफपीसाठी काळ्या भिंतींची, पारदर्शक तळाची ९६ वेलची प्लेट घ्यावी. लक्ससाठी अपारदर्शक पांढरी प्लेट जास्त प्रकाश देते, पण खोलीच्या उजेडात राहिलेली पांढरी प्लेट काही वेळ स्वतःच मंद चमकत राहते. यंत्रात ठेवल्यावर काही मिनिटे अंधारात थांबून मगच वाचन सुरू करावे. कडेच्या वेल आधी सुकतात, म्हणून त्यांत नुसते पाणी भरावे आणि आतल्या ६० वेल वापराव्यात.

(ई) मांडणी. प्रत्येक द्रव्याची दुपटीने पातळ होत जाणारी किमान सहा-सात प्रमाणे घ्यावीत. एकाच प्रमाणावर भरवसा ठेवणे ही सर्वांत महाग पडणारी काटकसर आहे. प्रमाण वाढवत गेले की प्रकाश आधी चढतो, शिखर गाठतो आणि मग पेशी मरू लागल्यामुळे पुन्हा उतरतो. ज्याने फक्त सर्वांत मोठे प्रमाण घेतले, तो जबरदस्त इजा करणाऱ्या द्रव्यालाही निर्धोक ठरवून मोकळा होईल. प्रत्येक प्रमाणाच्या तीन वेल मुख्य स्ट्रेनच्या, आणि निदान निवडक प्रमाणांवर प्रमोटर नसलेल्या व सतत चालू असलेल्या स्ट्रेनच्या असाव्यात. पेशी नसलेल्या माध्यमातही नमुना घालून पाहावा. रंगीत किंवा स्वतः चमकणारे नमुने इथेच उघडे पडतात.

(उ) वाचन. प्रत्येक वेलमध्ये सारखेच आकारमान, समजा २०० मायक्रोलिटर, भरावे. ३७ अंशांवर हलवत ठेवून दर दहा मिनिटांनी घनता आणि प्रतिदीप्ती दोन्ही, चार-पाच तास मोजावीत. जीएफपीसाठी उद्दीपन ४८५ नॅनोमीटरच्या आणि मोजणी ५१५ ते ५२० नॅनोमीटरच्या आसपास ठेवावी. यंत्राचा गेन, म्हणजे प्रकाश वाढवून मोजण्याचे प्रमाण, आपोआप ठरू देऊ नये. एकदा सकारात्मक कंट्रोलवर तो ठरवून सर्व प्लेटसाठी तोच ठेवावा, नाहीतर दोन प्लेटचे आकडे एकमेकांशी बोलत नाहीत. प्लेटवरची घनता क्युव्हेटमधल्या घनतेपेक्षा कमी येते, कारण प्रकाशाला एक सेंटिमीटरपेक्षा कमी थर ओलांडायचा असतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, फक्त दोन्ही आकडे एकाच तक्त्यात मिसळू नयेत.

सावधान: बाष्पीभवन थांबवण्यासाठी घट्ट चिकटणारी फिल्म लावू नये. जीएफपी पक्व होण्यासाठीही आणि लक्सच्या विकरासाठीही ऑक्सिजन लागतो. हवा जाऊ देणारी फिल्म किंवा सैल झाकण वापरावे.

९. रसायनाऐवजी अतिनील किरण वापरायचे असल्यास

पेशी माध्यमातून काढून साध्या क्षारयुक्त बफरमध्ये, उथळ पेट्री प्लेटमध्ये पातळ थरात पसराव्यात, कारण एलबी स्वतः अतिनील किरण शोषून घेते. प्लास्टिकचे झाकण काढावे. हे वाचायला हास्यास्पद वाटेल, पण झाकण २५४ नॅनोमीटरचे किरण जवळजवळ पूर्ण अडवते आणि झाकण ठेवून केलेले प्रयोग कमी नाहीत. मात्रा दिव्याच्या तीव्रतेला सेकंदांनी गुणून काढतात: चौरस मीटरला १ वॅट तीव्रतेखाली २० सेकंद म्हणजे चौरस मीटरला २० जूल. दिव्याची तीव्रता मीटरने मोजावी, डब्यावरच्या आकड्यावर विसंबू नये. जुना दिवा निळसर दिसत राहतो, पण त्याचे अतिनील किरण उतरलेले असतात.

किरण दिल्यानंतर पेशी पिवळ्या किंवा लाल उजेडात हाताळाव्यात. ई. कोलायकडे निळ्या प्रकाशाच्या ऊर्जेवर अतिनील इजा दुरुस्त करणारा एक विकर आहे, आणि खिडकीजवळ ठेवलेली प्लेट आपण मोजेपर्यंत निम्मी बरी झालेली असते. रेकए नसलेला कंट्रोल स्ट्रेन अतिनील किरणांना फारच नाजूक असल्याने त्याला कितीतरी कमी मात्रा द्यावी, अन्यथा मेलेल्या पेशींचा अंधार कंट्रोल म्हणून वहीत जाईल. डोळे आणि त्वचा पूर्ण झाकलेली असावीत.

१०. आकडे वाचणे

प्रथम प्रत्येक वेलच्या घनतेतून रिकाम्या माध्यमाची घनता वजा करावी. मग मुख्य स्ट्रेनच्या प्रतिदीप्तीतून, तेवढ्याच घनतेच्या प्रमोटर नसलेल्या स्ट्रेनची प्रतिदीप्ती वजा करावी आणि उरलेल्या आकड्याला घनतेने भागावे. औषध दिलेल्याचा हा आकडा औषध न दिलेल्याच्या आकड्याने भागला की पटीतली वाढ मिळते.

समजा औषध दिलेल्या वेलची प्रतिदीप्ती ५२००, घनता ०.२५ आणि प्रमोटर नसलेल्या स्ट्रेनची प्रतिदीप्ती ७०० आहे. औषध न दिलेल्या वेलची अनुक्रमे १५००, ०.४० आणि ९००. पहिल्याचा निकाल ४५०० भागिले ०.२५, म्हणजे १८,०००. दुसऱ्याचा ६०० भागिले ०.४०, म्हणजे १,५००. वाढ बारा पट. कच्चे आकडे भागले असते तर साडेतीन पटच दिसली असती. पार्श्वभूमी वजा न करणारे आपल्याच संवेदकाचे असे नुकसान करतात.

याच उदाहरणात वाढीचे गुणोत्तरही पाहावे: ०.२५ भागिले ०.४०, म्हणजे ०.६२५. पाण्याच्या तपासणीसाठी याच तत्त्वावर चालणाऱ्या यूएमयू चाचणीच्या आयएसओ १३८२९ या मानकात प्रकाशाऐवजी रंग मोजतात, पण तिचा दंडक इथेही कामाचा आहे. वाढ निम्म्याच्या खाली गेली तर त्या प्रमाणाचा निकाल धरत नाहीत, आणि दीड पट किंवा अधिक प्रतिसाद असल्यास तो सकारात्मक मानतात. स्वतःच्या संवेदकाचा उंबरठा मात्र औषध न दिलेल्या वेलमधल्या चढउतारावरून ठरवावा. तो चढउतारच मोठा असेल तर दीड पटीला अर्थ नाही.

इथे दोन सापळे आहेत. पहिला जीएफपीच्या टिकाऊपणाचा. वाढत्या पेशींत जुने जीएफपी प्रत्येक विभाजनागणिक वाटले जाऊन विरळ होते. एखाद्या द्रव्याने नुसती वाढ थांबवली, तरी औषध न दिलेल्या पेशींत ते विरळ होत राहते आणि औषध दिलेल्यांत तेवढेच साचून राहते. मग भागाकार वाढलेला दिसतो, प्रमोटर मात्र जागचा हललेला नसतो. सतत चालू असलेल्या प्रमोटरच्या स्ट्रेनमध्येही तशीच वाढ दिसली तर मुख्य स्ट्रेनचा निकाल इजेचा पुरावा म्हणून धरू नये. शक्य असल्यास साचलेल्या प्रकाशाऐवजी दर दहा मिनिटांत वाढलेला प्रकाश घनतेने भागून पाहावा. प्रमोटरचे खरे वागणे त्यात दिसते.

दुसरा सापळा घनतेचाच आहे. एसओएसमध्ये सुलए विभाजन थांबवते, पण पेशी लांबीने वाढत राहते. परिणामी घनता चढत असते आणि प्लेटवर पसरून मोजलेल्या जिवंत वसाहती मात्र घटत असतात. कोणता आकडा खरा, असा वाद घालण्यापूर्वी एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. नेहमीच्या आखूड काड्यांच्या जागी लांब धागे दिसले तर दोन्ही आकडे खरे आहेत, आणि प्रतिसादाचा तो प्रकाशाहून स्वतंत्र असा पुरावाही आहे.

शांत अवस्थेतल्या कल्चरमध्ये एखाददुसरी पेशी लख्ख हिरवी दिसली तर प्रदूषण समजून कल्चर फेकू नये. साधारण शंभरात एका पेशीत एसओएस आपोआप चालू झालेला असतो.

११. अपेक्षित प्रकाश न आल्यास, या क्रमाने पाहावे

मुख्य स्ट्रेन अंधारा आणि सतत चालू असलेला स्ट्रेन उजळलेला: रेकएची शंका घ्यावी. त्याची सोपी परीक्षा म्हणजे पेशींची रेघ ओढलेली प्लेट, अर्धी झाकून, सौम्य अतिनील मात्रेखाली ठेवणे. रेकए नसलेल्या पेशी उघड्या अर्ध्यात वाढत नाहीत. दोन्ही स्ट्रेन अंधारे: ऑक्सिजन, तापमान किंवा यंत्राची मांडणी. इजेविनाच उजळलेले: प्लास्मिडच्या प्रती, तुटलेली लेक्सए-जागा, किंवा जुन्या प्लेटवरून घेतलेली वसाहत. लेक्सए ३ स्ट्रेनही औषधानंतर उजळत असेल, तर तो प्रकाश एसओएसचा नाही. नमुन्याची स्वतःची चमक तपासावी.

सर्व कंट्रोल बरोबर येत असूनही एखादे ज्ञात घातक द्रव्य नकारात्मक येऊ शकते. काही द्रव्ये, उदाहरणार्थ बेंझोपायरीन किंवा अफ्लाटॉक्सिन बी १, प्राण्याच्या यकृतातील विकरांनी बदल केल्यावरच डीएनएला इजा करतात. त्यांच्यासाठी एस ९ हा यकृताचा अर्क चाचणीत मिसळावा लागतो. काही द्रव्ये पेशीत शिरताच बाहेर फेकली जातात. त्यांच्यासाठी टोलसी हा बाहेर काढणारा मार्ग बंद केलेला यजमान अधिक संवेदनशील ठरतो.

१२. आवराआवर

जिवाणू असलेली सर्व प्लेट, टिप आणि माध्यमे १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करावीत. मायटोमायसिन असलेला कचरा मात्र ऑटोक्लेव्हमध्ये न घालता, जिवाणू रासायनिक पद्धतीने मारून, घातक रसायनांच्या डब्यात वेगळा द्यावा. नेमकी पद्धत संस्थेच्या सुरक्षा अधिकाऱ्याला आधी विचारून ठेवावी. पाण्याचा किंवा मातीचा नमुना तपासायचा असेल तर तो प्रयोगशाळेत आणावा, ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळावा आणि मगच संवेदकाशी गाठ घालून द्यावी. संवेदक नमुन्याच्या जागी नेऊ नये.